न फोडता तपासणारा

तारनाक्यावरच्या आमच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेण्यासाठी बघायला एक गृहस्थ बायकोसह आले. विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ते तपासनीस होते. भाग न कापता, न फोडता त्याच्या आतली चीर शोधायची, हे त्यांचं काम. नमस्कार नाही, चमत्कार नाही. आल्या आल्या त्यांनी माझ्या भिंतीला कान लावला!

मग प्रयोग रंगला. टॉर्च तिरका धरून भिंत बघायची, एकेका फरशीवर बोटाने टकटक करायची आणि आवाज पोकळ आला की पिवळ्या पेन्सिलीने गोल काढायचा. माझ्या फरशीचा बिबट्या झाला. वहिनी मात्र बाल्कनीत खुलल्या होत्या. आधीची घरं अशाच टकटकीत हातची गेली, असं त्या मला हळूच म्हणाल्या. इकडे जिन्यात घर बघायला दुसरं कुटुंब येऊन उभं होतं.

"अहो, चांगलं आहे ना घर? सांगा की!" वहिनींनी आत येऊन नवऱ्याला विचारलं.

"नाकारण्यासारखं काही आढळलं नाही."

"म्हणजे चांगलं?" मी विचारलं.

"चांगलं असं आम्ही कधीच म्हणत नाही, साहेब. दोष आढळला नाही, एवढंच म्हणतो."

"मला बघायला आले तेव्हापण हेच बोलले!" वहिनी कडाडल्या. "दादा, घर आम्ही घेतलं. यांना बसू द्या ठोकत."

किल्ली घेऊन त्या तरातरा खाली गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज पार थांबेपर्यंत गृहस्थ जिन्याकडे कान लावून उभे राहिले आणि मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "फार छान आहे हो घर!"