बूट घातलेल्या बैलाचं आवतन

पोळ्याला आमच्या घरी बैल जेवतात, यात विशेष काही नाही. ऐंशी-एक्क्याऐंशीच्या सुमारास एक बैल पायात बूट घालून, मेटाडोरमधून उतरून जेवायला आला, एवढंच. आणि त्याचं खापर आजतागायत माझ्या डोक्यावर फुटतं, म्हणून एकदा खरं काय ते सांगून टाकतो.

तेव्हा नागपुरात सरकीच्या ढेपेचा एक कारखाना होता. ढेपेच्या पोत्यावर बैलाचं चित्र, म्हणून कारखान्याच्या पगारी फुटबॉल टीमसोबतही एक बैल असे. म्हणजे माणूसच, पण पांढऱ्या कापडाचं अंग, कागदाच्या लगद्याचं मुंडकं आणि हातभर शिंगं. गोल झाला की हा बैल मैदानाच्या कडेनं असा नाचायचा की लोक गोल करणाऱ्याला विसरून जायचे. (आता त्याला मॅस्कॉट म्हणतात. तेव्हा आम्ही सरळ बैल म्हणायचो आणि तोही रागवत नसे.) त्याचे पेपरातले फोटो कापून मी वहीत चिकटवले होते. एकदा त्याच्या शेजारी उभं राहून आपलाही फोटो निघावा, एवढंच माझं मागणं होतं. माझं वय तेव्हा चोवीस होतं, पण त्यात हसण्यासारखं काय आहे?

तर ही टीम आर्वीला सामना खेळायला आली. आणि दिवस कोणता निवडला, तर पोळ्याच्या आधीचा, खांदशेकणीचा! त्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी लावून शेकायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आमच्या घरी हे काम माझ्याकडे. त्यातून त्या वर्षी बाबांनी पहिल्यांदाच कबूल केलं होतं की पोळ्यात जोडीचा कासरा माझ्या हातात देतील. आमच्या रोहणा गावात ही लहान गोष्ट नव्हती. मी महिनाभर त्याच तोऱ्यात फिरत होतो.

बाबा बैलांचा साज आणायला पुलगावला गेले. मी आमच्या चांद्या-पाखऱ्या बैलांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उद्या सकाळी बैल धुतल्यावर हळद लागली होती की नव्हती, हे कोणाला कळणार होतं? बैल काही चुगली करत नाहीत. मी आर्वीची एसटी पकडली.

सामना संपल्यावर कोपरं मारत मी बैलापर्यंत पोचलो. "दादा, मी तुमचा लय मोठा चाहता हाव, एक फोटो काढू द्या," हे वाक्य एसटीत घोकघोक घोकलं होतं. पण समोर ते मुंडकं आलं, ते डोळे, ती शिंगं, आणि लहानपणापासून त्या दिवशी बैल दिसला की जे तोंडातून निघत आलं, तेच निघालं. त्याच्या खांद्यावर हात ठेवून मी म्हणालो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

बैल थांबला. मुंडक्याच्या आतून आवाज आला, "गाव कोनतं, भाऊ?"

"रोहणा. मारोतीच्या देवळाजोळ."

आता गाव विचारल्यावर सांगायचं नाही का? तेवढ्यात गर्दीनं मला बाजूला ढकललं आणि फोटो राहिलाच. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "देल्लं आवतन?" मी म्हणालो, "देल्लं." आणि हे खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माय पुरणपोळ्यांचं ताट घेऊन गोठ्याकडे निघाली होती, तोच मेटाडोर दारात थांबली. आधी शिंगं उतरली, मग बैल.

"कालचं आवतन होतं," असं म्हणून बैलानं मुंडकं काढून काखेत घेतलं. आत घामानं निथळलेला, मिशीवाला, पस्तिशीचा माणूस. "मी पुंडलिक. जाम गावचा. तीन वर्सं झाले, या मॅचपायी पोळ्याले घरी नाई जाऊ शकलो. काल या भाऊनं खांद्याले हात लावून आवतन देल्लं, तं मले भरूनच आलं."

"अन् हे कोन?" बाबांनी त्याच्या मागं बोट दाखवलं.

"हा गोलकीपर. आवतन जोडीले असते ना, म्हून आनला. अन् हे बाकीचे. सारे संगच वापस चाल्लो होतो, यायले उपाशी कसं ठेवाव?"

बाकीचे म्हणजे चौदा! पण माय डगमगली नाही. "आवतनाचा पाहुना वापस नाई जात," म्हणत तिनं कागदाच्या मुंडक्याला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि शेजारणींना हाका मारून पुन्हा पुरण वाटायला बसली. बाबा मात्र जागचे हलले नव्हते.

"किती वाजता देल्लं यानं आवतन?" त्यांनी पुंडलिकला विचारलं.

"पाच वाजले असन. आर्वीच्या मैदानात."

"अन् चांद्या-पाखऱ्याले?" हे मला होतं.

बैल चुगली करत नाहीत हा माझा हिशेब साफ चुकला होता.

"घरच्या बैलाले आवतन नाई, अन् चेंडूच्या बैलाले हाय," बाबा म्हणाले. मग त्यांनी अख्ख्या टीमसमोर मला गोठ्यात नेलं आणि हात जोडायला लावले. मी "आज आवतन घ्या" म्हणालो आणि अडकलो. ताट समोर असताना "उद्या जेवाले या" कसं म्हणणार? तो गोलकीपर फिदीफिदी हसत होता.

"कासरा पुंडलिकच्या हाती राहीन," बाबांनी सांगून टाकलं. "त्यानं परक्या गावात येऊन पोळा पाळला. तुले घरी राहून नाई जमला."

तुम्हीच सांगा, हा न्याय झाला का? ज्याचे फोटो मी वहीत चिकटवले, तो माझ्याच बापाचा फेटा बांधून माझीच जोडी घेऊन निघाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी तेवढ्यावर भागलं नाही. टीमसोबत पेपरचा फोटोग्राफर होता. मॅनेजर म्हणाला, आमचा बैल फोटोत आलाच पाहिजे. पुंडलिक काही कासरा सोडेना. मग त्या पोशाखात घालायला रिकामा माणूस गावात एकच उरला होता.

त्या मुंडक्यातून बाहेरचं काहीएक दिसत नाही, हे वहीतल्या एकाही फोटोनं मला सांगितलं नव्हतं. दिसतात फक्त आपले पाय. तोरणाखाली जोड्या उभ्या होत्या, झडत्यांची गाणी सुरू झाली होती. "पुढं सरका," फोटोग्राफर म्हणाला. मी सरकलो. "अजून थोडं." सरकलो. शिंगाला काहीतरी अडकलं, मी मान झटकली, आणि आंब्याच्या पानांचं अख्खं तोरण तुटून माझ्या गळ्यात पडलं.

तोरण तुटलं की पोळा फुटतो, बैल घराकडे सुटतात. ते तोडायचा मान पाटलांच्या जोडीचा, तोही सगळ्या झडत्या संपल्यावर. इथं पहिलीच झडती अर्धी होती. पण बैलांना हे कोण सांगणार? गावातल्या साऱ्या जोड्या उधळल्या. पाटील ओरडले, "कोनं तोडलं बे तोरन?" आणि सगळा गाव म्हणाला, "त्या बैलानं." अरे, तोडलं नाही, अडकलं! मी आतून जीव तोडून हेच सांगत होतो, पण बाहेर नुसतं हंबरणं ऐकू येत होतं.

तोरण गळ्यात पडलं त्याच क्षणी निघालेला तो फोटो पेपरात आला. बाबांनी तो फ्रेम करून ओसरीत लावला. पुंडलिक पुढं दर पोळ्याला येऊ लागला, त्याला आवतनाचं कार्ड बाबा स्वतः टाकायचे. फोटोत तो कासरा धरून उभा आहे, आणि त्याच्या अगदी शेजारी, गळ्यात तोरण घालून, मी. मला हवा होता तसाच फोटो. घरात कोणी नवा पाहुणा आला की बाबा त्याला फोटोपुढं नेत आणि बोट ठेवून ओळख करून देत, "हा चांद्या. हा पाखऱ्या. अन् हा तिसराबी आमच्याच घरचा."