उजव्या खांद्यावरचा पदर

आबा आज सकाळी गेले.
काल दुपारपर्यंत त्यांना एकच काळजी होती. पदर चुकला.

कुठला पदर, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. तुम्हाला सांगते.

माझे आजोबा, म्हणजे आबा, लोणंदजवळच्या खेड्यातले. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. थोरला भाऊ फौजेत, परदेशात कुठेतरी. कित्येक महिने त्याची खबर नाही.
धाकटे आबा सांगलीत एका ड्रॉइंग मास्तरांकडे चित्रं शिकायला राहिलेले.

पणजोबा, म्हणजे आबांचे वडील, फौजेतले जुने हवालदार. चित्र काढून पोट भरतं यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांनी आबांना सांगून ठेवलं होतं,
"ह्या खेपंला न्हाई जमलं, तर साताऱ्याला भरतीच्या सायबाम्होरं हुबं ऱ्हायचं."

ही खेप म्हणजे मुंबईचा एक प्रकाशक सांगलीत येणार होता. गोष्टींच्या पुस्तकांसाठी त्याला चित्रकार हवा होता. एकच.

मास्तरांचा अख्खा वर्ग तयारीला लागला. आबा म्हणायचे, त्या दिवसांत भाकरीचा तुकडा नुसता तोंडात फिरायचा, खाली उतरायचा नाही. हात थरथरू नये म्हणून एकानं तर चहा सोडला होता.
मी लहानपणी हे ऐकून खूप हसायचे. सध्या नोकरीसाठी माझ्या स्वतःच्या चित्रांचा पोर्टफोलिओ चालू आहे. आता हसत नाही.

मास्तरांचा वर्ग एका शिळाछाप छापखान्यात भरायचा. दगडावर चित्र काढायचं आणि त्यावरून कागदावर छापायचं. छापताना उजव्याचं डावं होतं, म्हणून दगडावर सगळं उलटं काढावं लागायचं. अक्षरंसुद्धा.
हळदीच्या पुड्यांची लेबलं काढून काढून आबांचा हात इतका बसला होता की बाकीच्यांसारखा आरसा समोर धरावा लागायचा नाही. वर्गात त्यावरून भलताच रुबाब होता त्यांचा.

प्रकाशकाला मात्र चित्र कागदावर हवं होतं. त्याचा फोटो घेऊन छपाईचा ब्लॉक होणार, म्हणजे सरळ काढायचं. मास्तर सकाळपासून प्रत्येकाच्या मागे लागले होते, सरळ काढा रं, सरळ.

पणजोबा त्याच सकाळी येऊन छापखान्याच्या ओट्यावर बसले होते. जमलं नाही तर पोराला घेऊनच परत जायचं, या तयारीनं. आबांना खिडकीतून त्यांचं पागोटं दिसत होतं.

विषय मिळाला, शेतातली न्याहारी.

आबांनी बांधावर जेवायला बसलेला बाप काढला. त्याला भाकरी वाढणारी आई काढली. आबांची आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. तिचा चेहरा आपोआप आला, म्हणायचे. भीतीनं डोकं बंद पडलं होतं, हात तेवढा चालू होता.

प्रकाशकानं कागद बराच वेळ न्याहाळला.
मग विचारलं, "तुमच्या गावात सगळे डाव्या हातानं जेवतात का?"

आबांनी बघितलं.
बापाचा डावा हात भाकरीवर. आईची नथ उजव्या नाकपुडीत. पदर उजव्या खांद्यावर.
भेदरलेल्या हातानं सवयीनं सगळं उलटं काढलं होतं.

दुसऱ्या मुलाची निवड झाली.

आबा कागद घेऊन बाहेर आले. उलटं निघालं, एवढंच म्हणाले आणि कागद बापापुढे धरला.

पणजोबा कपाळाला आठी घालून बघत राहिले.
"ही तुजी आय हाय व्हय रं?"
"व्हय."
"मग अशी परक्यावानी का दिसाय लागलीया?"

मग त्यांनी कागद पालथा केला आणि उन्हाला धरला.
लढाईमुळे चांगला कागद मिळत नव्हता, होता तो पातळच. शाई आरपार दिसली. पदर डाव्या खांद्यावर आला, नथ जागेवर आली. त्यांचा स्वतःचा उजवा हात भाकरीवर आला.

किती तरी वेळ हात वर धरून उभे होते, म्हणे.

"येक पोरगं दिलंय फौजंला," पणजोबा म्हणाले. "तू ऱ्हा हितंच."

कागद काही त्यांनी परत दिला नाही.

थोरला भाऊ लढाईवरून परत आला नाही. आबांची मुंबई राहिली ती राहिलीच. सांगलीतच त्यांनी आयुष्यभर लेबलं काढली, आणि त्यावर आमचं घर उभं राहिलं.

गेल्या दिवाळीत मी त्यांना माझ्या टॅबलेटवरचं फ्लिपचं बटण दाखवलं. चुका कळाव्यात म्हणून आम्ही चित्र उलटं करून बघतो. आबांनी ते बटण लहान मुलासारखं पुन्हा पुन्हा दाबायला लावलं.
मी म्हटलं, आबा, तेव्हा हे असतं तर तुम्ही मुंबईला गेला असता.
ते म्हणाले,
"आन् आमच्या बानं कागद उन्हाला धरला नसता."

मला वाटलं, मिटली एकदाची ती खंत. कसलं काय.

काल ग्लानीत पुन्हा तेच सुरू झालं. पदर चुकला. बा भाईर बसलाय. त्याला काय सांगू?
नव्वदी कधीच ओलांडलेला माणूस, आणि परीक्षेच्या पोरासारखा घामेजलेला. मला बघवेना.

मी हात धरून म्हटलं, "आबा, त्यांनी बघितला कागद. बरोबर हाय म्हणाले."
"खरं?"
"खरं."
मग झोपले. ते पुन्हा बोलले नाहीत.

सोमवारी माझा पहिला इंटरव्ह्यू आहे. भाकरीचा तुकडा तोंडात फिरतोय. कसा झाला, हे ज्यांना सांगायचं तेच नाहीत.

आबा, पदर जागेवर आहे. तुमचे बा बाहेर ओट्यावर थांबलेत.
जावा निवांत.