धक्क्यावरची गौर

साखर कारखान्यात उभा जन्म यंत्रांच्या पोटात डोकं घालून काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर काय सुचावं? कुणी नातवंडं खेळवतं, कुणी तालमीच्या कट्ट्यावर बसून राजकारण निकालात काढतं. कसबा बावड्याच्या पिराजीरावांनी होडी घेतली. मासेमारीतून बाद झालेली, पण आत दोन माणसं पाय पसरून झोपतील एवढी खोली असलेली. ती वेंगुर्ल्याच्या बंदरात उभी होती. तिथल्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायची आणि राहायचंही होडीतच, असा त्यांचा बेत. त्यांनी तो सांगितला तेव्हा त्यांच्या पत्नी बाळाबाई म्हशीची धार काढत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आणि मी?"

"तू बी चल की."

बाळाबाईंनी तोवर समुद्र पाहिला नव्हता. त्यांच्या लेखी पाणी म्हणजे पंचगंगेचं. पावसाळ्यात पुराला वर यायचं आणि गुमान परत जायचं. समुद्राचं पाणी रोज दोनदा येतं आणि दोनदा जातं हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "त्येला दुसरा कामधंदा न्हाय व्हय?" तरी म्हशी थोरल्या जावेच्या हवाली करून, चटणीची बरणी मांडीवर घेऊन त्या गगनबावड्याचा घाट उतरल्या.

पहिल्याच आठवड्यात बंदरावर बोलवा उठली की नव्या होडीतलं जोडपं दिवसभर भांडतं. शेजारच्या होडीवाल्याची बायको विठाबाई मासे विकायची. तिला राहवेना. ती मध्यस्थी करायला आली.

"गे बाय, घोवावर इतक्या कित्याक वरडतंस?"

"वरडत न्हाय ओ," बाळाबाई म्हणाल्या. "च्या घेताय काय, इचारतोय."

विठाबाई हसत खाली बसली आणि तिनंही चहा घेतला. दुसऱ्या दिवशी बांगडे आले. बाळाबाईंनी त्यांना घरची चटणी चोपडली. विठाबाईच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, पण ताट तिनं सोडलं नाही. अशी दोघींची गट्टी जमली.

बाकी सगळं हळूहळू अंगवळणी पडत होतं. झोपेत होडी डोलायची तेही. पण श्रावण सरला आणि बावड्याहून थोरल्या जावेचा फोन आला. गौरी-गणपतीला कधी येताय? बाळाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "औंदा मी हितंच बशिवतो म्हंतो गौर."

"होडीत?" जाऊबाई म्हणाल्या. "खेळ हाय काय त्यो? हालत्या जाग्यावर गौर बसती व्हय?"

 संध्याकाळी बाळाबाईंनी नवऱ्याला सरळ सांगितलं. "जिथं गौर येत न्हाय तिथं मला ऱ्हायचं न्हाय. हितं नीट बसली, तर मी हितली. न्हाय बसली, तर मी बावड्याला. तुमी ऱ्हावा तुमच्या होडीत." पिराजीराव जन्मात कशाला घाबरले नसतील इतके त्या दिवशी घाबरले. बायकोशिवाय राहणं त्यांना जमणारं नव्हतं, आणि होडी सोडणंही जिवावर येत होतं.

गौरी आणायच्या दिवशी पहाटे पाणी भरलेलं होतं, होडी धक्क्याच्या बरोबरीनं आली होती. पिराजीराव कुणाचं तरी इंजिन बघायला गेले. बाळाबाईंनी खोलीत पाट मांडला, भोवती साडीची आरास केली, ताटं-तांबे रचले. होडी हलली की तांबे एकमेकांना लागून वाजत. जाऊबाईंचा शब्द कानात होताच. मग त्यांनी तेच केलं जे लाथाळ म्हशीला केलं असतं: दोन्हीकडचे दोर ओढून होडी धक्क्याला आखूड बांधली आणि वर दाव्याची पक्की गाठ मारली. होडी गपगार झाली. बाळाबाई खूश होऊन भाजी निवडायला बसल्या.

दुपारकडे पाणी उतरायला लागलं. होडीला खाली जायचं होतं, पण दोर सोडेनात. धक्क्याकडची बाजू दोरांना लटकली आणि दुसरी बाजू खाली खाली जाऊ लागली. आधी तांबे घरंगळले. मग पाट, मग आरास, मग निवडलेली भाजी. बाळाबाई दाराला धरून जीव खाऊन ओरडू लागल्या.

बंदरावर कुणी मान वळवली नाही. रोजचंच चाललंय म्हणून लोक जाळी विणत राहिले. विठाबाईसुद्धा विणत होती. तेवढ्यात पिराजीराव हात पुसत तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. तिनं त्यांच्याकडं पाहिलं, होडीकडं पाहिलं, आणि मासे कापायची कोयती घेऊन ती धावत सुटली. ताणलेली गाठ काही सुटण्यातली नव्हती. तिनं दोर छाटले. होडी धपकन पाण्यावर सपाट बसली.

"आज भांग हा म्हणान वाचलंस," विठाबाई धापा टाकत म्हणाली. भांगाच्या दिवसांत पाणी थोडंच उतरतं. "उधाण आसता तर होडी उपडीच झाली आसती."

बाळाबाईंचं तिकडं लक्ष नव्हतं. होडी आता धक्क्यापासून कमरेइतकी खाली होती. वर जायला लोखंडी शिडी. त्या शिडीकडं बघत त्या ओल्या भाजीत बसून रडल्या, अगदी हमसून हमसून. "गौर काय शिडीनं उतरती व्हय? जाऊबाईंचंच खरं. मी जातो बावड्याला."

पिराजीराव लांब, सैल दोरांनी होडी पुन्हा धक्क्याला बांधू लागले. विठाबाई शिडी उतरून खाली आली, तांबे गोळा करू लागली आणि म्हणाली, "गौर कित्याक उतरात? वायच दम धर. सांजेक भरती इली काय तुजी होडीच वर येतली."

दिवस कलल्यावर बंदरावरच्या बायका बाळाबाईंना घेऊन गावातल्या विहिरीवर गेल्या. तेरड्याची रोपं कलशात उभी राहिली. गौर धक्क्यावर आली तेव्हा होडी अजून दोन वीत खाली होती. मग सगळ्या थांबल्या. नुसतं थांबून कोण राहणार? फुगड्या सुरू झाल्या, झिम्मा झाला, जाळीवाले जाळी सोडून बघायला आले. गौर हातात असल्यामुळं बाळाबाईंना नाचता येईना, पण गाण्यात त्यांचाच आवाज सगळ्यांच्या वर होता. पिराजीराव धक्क्याच्या कडेला पालथे पडून पाण्याकडं बघत होते. "आली आली, चार बोटं ऱ्हायली," असं अधूनमधून सांगत होते. पाणी आपल्या चालीनं चढत होतं आणि घर गौरीला घ्यायला वर येत होतं.

होडी धक्क्याला लागली. विठाबाई चटकन आत जाऊन दारात उभी राहिली, कारण आतून विचारणारं कुणीतरी हवं.

"कोण इला?"

"गौराई."

"कशाच्या पावलांनी?"

"सोन्यारुप्याच्या."

"कोणाच्या घराक?"

बाळाबाई अडखळल्या. बावड्यात दरसाल याच प्रश्नाला त्या थोरल्या जावेचं नाव घेत आल्या होत्या. गौर थोरलीच्या घरी यायची, धाकटीनं भाकऱ्या थापायच्या. लग्न होऊन आल्यापासून तेच चाललं होतं. त्यांनी कलश छातीशी धरला, होडीच्या लाकडावर पाऊल ठेवलं आणि पार पलीकडच्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"बाळाबाईच्या घरी."