नणंदेची कूस

चाकणला ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत अरुंधती क्वालिटी विभागात आहे. आलेला माल घ्यायचा की परत पाठवायचा हे ती ठरवते आणि तिच्या ‘नाही’पुढे पुरवठादारांचं फारसं चालत नाही. पण काही वर्षांपूर्वी बाळंतपणात तिचा रक्तस्राव थांबेना, तेव्हा तिचा जीव वाचवायला डॉक्टरांना गर्भाशय काढावं लागलं. बाळही गेलं. शुद्धीवर आल्यावर तिने नवऱ्याला, ज्ञानेशला, एवढंच विचारलं, “मुलगी होती ना?” त्याने मान हलवली. मग बराच काळ आकुर्डीच्या त्या घरात हा विषय निघाला नाही.

तो काढला डॉक्टरांनीच. तिची बीजं चांगली होती. दोघांचा गर्भ दुसऱ्या बाईच्या पोटात वाढू शकला असता.

“तर मग बाहेरच्या देशात करू,” ज्ञानेश म्हणाला. तो हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये. “इथे पैसे देऊन असं करायला बंदी आहे. तिकडे सगळं करारावर चालतं. फ्लॅट विकावा लागेल, पण कोणापुढे पदर पसरायला नको.”

एका एजन्सीशी व्हिडिओ कॉल ठरला. समोरची बाई फार गोड बोलत होती. अरुंधतीने सवयीने प्रश्न विचारले. मध्येच तुमच्याकडचा कायदा बदलला तर? बाळाला भारतीय पासपोर्ट मिळेपर्यंत आम्ही कुठे राहायचं? उत्तर एकच यायचं, “सहसा अडचण येत नाही.”

“आणि बाळंतपणात त्या बाईचं गर्भाशय काढावं लागलं तर?”

“त्याची भरपाई करारात आहे, मॅडम. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

अरुंधतीने लॅपटॉप मिटला. “ज्ञानेश, माझी भरपाई किती झाली असती रे?” परदेशाचा विषय तिथेच संपला.

इथला रस्ता स्वस्त होता, पण अरुंद. दवाखान्याचा खर्च आणि विमा सोडून बाईला एक रुपया देता येत नाही. ती लग्न झालेली हवी, तिला स्वतःचं मूल हवं आणि तिची मनापासून तयारी हवी. एका दलालाने फोनवर सुचवलं, बाई मी देतो, पैसे आतून द्या, कागदावर तिला तुमची मावसबहीण दाखवू. या वेळी फोन ज्ञानेशनेच ठेवला.

तळवड्याला सासरी एका रविवारी हे सगळं बोलणं चाललं होतं. ज्ञानेशची धाकटी बहीण जयमाला मेथी निवडत होती. ती काळेवाडीत राहते, ब्लाउज शिवते, तिला शाळेत जाणारी एक मुलगी आहे, पूर्वी.

“वहिनी, मी देते की,” ती म्हणाली.

“काय?”

“जागा. नऊ महिने.”

सासूबाईंच्या, कौशल्याबाईंच्या, हातातली परात वाजली. “येडी हायस का? भावाचं लेकरू भनीच्या पोटात?”

“आई, लेकरू त्या दोघांचं. दवाखान्यात तयार करून माझ्या पोटात ठेवायचं. माझं त्यात काही नाही.”

कौशल्याबाईंनी जरा विचार केला. “म्हंजी कणीक हिची अन् तवा तुजा?”

“व्हय, तसंच.”

सगळे हसले. अरुंधती हसली नाही. ती नाही म्हणाली. त्या आठवड्यात जयमालाने पुन्हा विचारलं, ती पुन्हा नाही म्हणाली.

जयमालाचा नवरा सनी कंपनीची बस चालवतो. तो स्वतः आकुर्डीला आला. “वहिनी, राग मानू नका. तुमचं काय झालं ते मी बघितलंय. पूर्वीला आई एकच आहे.”

“तुमचं बरोबर आहे, सनीराव. मीही तिला तेच सांगतेय.”

तो भांडायच्या तयारीने आला असावा. चहा पिऊन निघून गेला. पण महिन्याभराने त्याचाच फोन आला: जयमाला हट्ट सोडत नाही, मला तुमच्या डॉक्टरांना भेटायचंय. डॉक्टरांनी जयमालाच्या सगळ्या तपासण्या केल्या. पहिलं बाळंतपण सरळ झालेलं, तब्येत उत्तम. धोका कमी आहे, पण शून्य नाही, त्या स्पष्ट म्हणाल्या.

सनी अरुंधतीकडे वळला. “वेळ आलीच तर जयमाला आधी, बाळ नंतर. हे इथे डॉक्टरांसमोर बोला.”

अरुंधती तसं बोलली, आणि तिचा होकारही त्यातच आला. ज्ञानेशही बोलला.

मग वैद्यकीय मंडळ, दाखले, कोर्ट. मॅजिस्ट्रेटनी जयमालाला विचारलं, “घरच्यांचा दबाव नाही ना?”

“दबाव? मॅडम, मीच वहिनींच्या मागे लागलेय. त्याच नाही म्हणत होत्या.”

मॅजिस्ट्रेटनी हसू आवरत पुढचा प्रश्न विचारला. बाळाचे आईबाप अरुंधती आणि ज्ञानेशच, असा हुकूम मिळाला.

पहिल्या वेळी गर्भ रुजला नाही. अरुंधती म्हणाली, “बस झालं.” जयमाला उखडली, “मला विचारलंत का?” दुसऱ्या वेळी रुजला.

काळेवाडीत कुजबुज झाली तेव्हा जयमालाने गल्लीत उभं राहून सांगितलं, “भावाचं बाळ सांभाळतेय, आणखी काय विचारायचंय?” सनीने दिवसाची शिफ्ट मागून घेतली. आठव्या महिन्यात जयमालाचं बीपी चढलं, तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. अरुंधती कंपनीतून थेट तिथे जायची. अरुंधती तिचे सुजलेले पाय चोळत बसायची.

सिझेरियन झालं. नर्सने मुलगी अरुंधतीच्या हातात दिली, तर तिने आधी विचारलं, “जयमाला कशी आहे?” ठीक आहे, असं कळल्यावर तिने दुपट्याची कड बाजूला सारून बाळाच्या तोंडाकडे पाहिलं.

नंतरचे काही दिवस जयमालाला जड गेले. कारण नसताना रडू यायचं, रिकामं रिकामं वाटायचं. अरुंधती बाळाला घेऊन काळेवाडीलाच राहायला गेली. तिला दूध पाजता येत नव्हतं, ती बाटली भरायची. जयमाला अंथरुणावरून बघत राहायची, कधी बाळाला मांडीवर मागून घ्यायची. हळूहळू ती शिलाई मशीनवर बसू लागली.

बारसं तळवड्याला झालं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. जयमालाने पाळण्यात वाकून सांगितलं, “ऋता.” छोट्या पूर्वीला सोडून सगळ्या बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. बाळ दचकून रडायला लागलं.

“घ्या वहिनी,” जयमाला तिला उचलून देत म्हणाली, “भूक लागलीये तुमच्या लेकीला.”