लाल चिंध्या

महाडच्या इंग्रजी शाळेत फुलपाखराचं जीवनचक्र मी चार बाणांच्या आकृतीत पाठ केलं होतं. प्रत्यक्षात पाहिलं ते पोलादपूरच्या वर, काकांच्या गवताच्या माळावर. तपकिरी, अगदी साधं फुलपाखरू, पंखांवर पिवळ्या कड्यांचे डोळे. ते गवत सोडून फारसं जात नाही. गुडघ्याएवढ्या उंचीवरून उड्या मारल्यासारखं उडतं, अळी गवतच खाते आणि तिथेच एखाद्या काडीला कोष करून उलटी लटकते.

पावसाळा सरताना मला असे सात कोष सापडले. पुन्हा हरवू नयेत म्हणून प्रत्येकाजवळ काठी रोवून लाल चिंधी बांधली. घरी सांगितलं नाही. शिकलेली मुलगी गवतात बसून अळ्या बघते, याची लाज वाटायची.

तळीयेची दरड कोसळल्यापासून आमच्याकडे डोंगरात लाल खूण दिसली की सरकार आता ही जागा धोक्याची ठरवून रिकामी करणार, म्हणून माणसं धास्तावतात. पाचव्या दिवशी काका चहाला बसले ते चिडूनच.

"मोजनीवाले माळावर खुना ठोकून गेलेत, नि आपल्याला पत्ता नाय."

काकूंचं म्हणणं, जमीन पडीक दिसली की सरकार घेतं, उद्याच गवत कापा. खरं तर कापणीला अजून पंधरा दिवस होते.

मी बिस्कीट चहात बुडवून बसले होते. त्या चिंध्या माझ्या, एवढंच बोलायचं होतं. वाक्य इंग्रजीत जुळवलं, मराठीत जुळवलं. तोवर बिस्कीट विरघळून तळाशी गेलं आणि काका विळ्याला धार लावायला उठले.

सकाळी मी माळावर पोचले तेव्हा अर्धा माळ कापून झाला होता. माझ्या काठ्या बांधावर जळणासारख्या रचलेल्या. तेव्हा कुठे बोलले, तेही रडवेल्या आवाजात. काकांनी विळा खाली ठेवला.

"काल बोलायला काय झालेलं, गो? तेवढी जागा सोडली असती. गाय काय उपाशी मरनार हाय?"

दुपारपर्यंत भारे उसकटले. दोन कोष मिळाले, दोन्ही चिरडलेले.

उरलेला अर्धा माळ काकांनी माझ्यासाठी तसाच ठेवला. कापणीला सुरुवात मात्र त्यांनी खुणा होत्या तिथूनच केली होती. माझ्या सातांपैकी एकही जागा त्या उरलेल्या गवतात नव्हती.