ही सही माझी न्हाय
बँकेत शाईच्या पॅडचा वास आला, की मला पुण्याजवळच्या आमच्या मांजरी गावातली ती दुपार आठवते. गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून आम्ही बायका सह्या गोळा करत होतो. मी तेव्हा हडपसरला एका आयटी कंपनीत होते, सुट्टीच्या दिवशी घरोघर फिरायचे. पहिली सही माझ्या थोरल्या जाऊबाईंची होती. दिरांनी पिऊन मारलं तेव्हा त्यांचा हात मोडला होता; प्लास्टर निघाल्याबरोबर त्याच हातानं त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, "आता मागं सरायचं न्हाय." पडताळणीला सरकारी साहेब शाळेच्या वर्गात बसले होते. वर पत्रे तापलेले, खडूची धूळ, टेबलावर अंगठ्यांसाठी शाईचं पॅड, दारापर्यंत बायकांची रांग. साहेबांनी विचारलं, "ही सही आपलीच ना?" कागदाकडे न बघताच जाऊबाई म्हणाल्या, "ही सही माझी न्हाय. हिनं लबाडी केली." आणि बोट माझ्याकडे केलं. मागच्या बायका एकेक करून रांगेतून निघून गेल्या. सह्या कमी पडल्या, अर्ज तिथेच निकाली निघाला. घरी मी विचारलं, "अक्का, मला लबाड का म्हणालात?" भाकरी थापत त्या म्हणाल्या, "दारूचा दुकानवाला माझ्या पोरीला नव्या सोसायटीच्या ऑफिसात नोकरीला लावतोय. तू कमावतीस, तिला कोण हाय?" त्यांची अडचण आता मला कळते. पण अजूनही गावातल्या लग्नात एखादी बाई विचारते, "खोट्या सह्या केलेली ती तूच का गं?" आणि शेजारी बसलेल्या जाऊबाई उठून पंगतीत वाढायला जातात.