गुंडूमामांची झिलई

शिवाजी पेठेत गुंडूमामांची थट्टा केली नाही असा माणूस सापडायचा नाही. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये ते असिस्टंट. तीस वर्षं एकच काम, धातूचे नमुने फिरत्या चाकावर घासून आरशासारखे करायचे. घराणं हुपरीच्या चांदी कारागिरांचं, त्यामुळे खरखरीत काही दिसलं की यांची बोटं शिवशिवलीच! बायको होती तेव्हा म्हणायची, "ह्येंच्या हातात दिली तर भाकरीबी पॉलिश करतील." ती गेली. मूलबाळ नव्हतं. आणि मग लॅबमध्ये विद्याश्री आली.

विद्याश्री गडहिंग्लजची, पीएच.डी. करणारी. तिच्या डब्यातला अर्धा झुणका रोज मामांचा. "मामांना म्हातारपणी लेक झाली की!" असं आम्ही लॅबमधले चिडवायचो. मामा लाजायचे, पण नाही म्हणायचे नाहीत.

तिचं काम हिऱ्यावर. अंगठीतल्या नव्हे हो. धातूच्या चकतीवर वायूतून हिऱ्याचा पातळ थर वाढवायचा. चकती लालभडक तापवली की त्या थरातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, म्हणजे उष्णतेची थेट वीज. चार वर्षांत मनाजोगी अशी एकच चकती जमली होती. तिची शेवटची मोजणी बंगळुरूला व्हायची होती, आणि सगळा प्रबंध त्या मोजणीवर.

निघायच्या दिवशी दुपारी ती सामान आणायला होस्टेलवर गेली. जाताना म्हणाली, "मामा, एवढी चकती डबीत भरून ठेवा."

मामांनी ती उजेडात धरली. काळपट, खरखरीत. आपली पोरगी परगावच्या साहेबांपुढं असलं ध्यान घेऊन जाणार? त्यांच्याकडे आलेला नमुना ते न विचारता घासत, आणि आजवर कुणी नको म्हटलं नव्हतं. त्यांनी घासायची, हिऱ्याच्या भुकटीची पेस्ट लावली आणि दोन तास चकती चाकावर धरली.

विद्याश्रीनं येऊन डबी उघडली.

"मामा, ही कुठली?"

"तुझीच की गं! वळाकली न्हाईस? नवरीगत नटवलीया!"

ती स्टुलावर बसली. चकती उजेडात धरून बघितली. मग हळू म्हणाली, "त्या थरावर बारीक टोकं होती, मामा. तापल्यावर इलेक्ट्रॉन तिथनंच सुटायचे. वर हायड्रोजनचा पापुद्रा होता, त्यानं त्यांना बाहेर पडणं सोपं व्हायचं. आता दोन्ही गेलं."

"मग पुन्ना खरखरीत करूया की. मी करतो."

"न्हाई हो, मामा. तसं होत न्हाई." आणि डोळे पुसत तिनं विचारलं, "तुम्ही जेवलासा का?"

तरीही ती बंगळुरूला गेली. चकती तापवली, पण पूर्वीच्या दहाव्या हिश्शाइतकाही प्रवाह मिळाला नाही. परत आल्यावर तिच्या गाइड सरांनी सगळ्यांदेखत झापलं, तेव्हा ती म्हणाली, "थर माझ्याच हातनं घासला गेला, सर." मामा दारातच उभे होते. तिनं त्यांच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली आणि मामा गप्प राहिले. आठ दिवसांनी धीर करून त्यांनी सरांना खरं सांगितलं. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली होती, नवा थर वाढवायला वेळच उरला नव्हता. विद्याश्री गावी गेली आणि तिथल्या ज्युनियर कॉलेजात शिकवायला लागली.

परवा मी मामांकडे बसलो असताना तिचा फोन आला. "मामा, दिवाळीला या की. आई वाट बघतीया."

"व्हय, व्हय, येतो," म्हणत मामांनी फोन ठेवला. पिशवी भरायला उठले नाहीत, कधी जाणार तेही बोलले नाहीत.

"तिनं येकदा तरी मला शिव्या द्यायला पायजे हुत्या," एवढंच म्हणाले.